कोड मोकळा, वही कुलपात

नाशिकच्या गंगापूर रोडवर कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हे बहुधा सीए ठरवतो. कारखानदार राहायला जेहान सर्कलच्या आसपास, कारखाना सातपूरला नाहीतर अंबडला, आणि हिशेब बघणारा सीए प्रसाद सर्कलजवळच्या एखाद्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर. त्याच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांना जे चालवता येतं, तेच कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर येऊन बसतं. म्हणून अशोकस्तंभापासून निघून आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकत गंगापूर गावापर्यंत गेलात, तर दवाखाना असो, क्लास असो की बिल्डरचं ऑफिस, हिशेबाच्या टेबलावर टॅली भेटणार. यात वावगं काही नाही. आपल्या व्यापाऱ्याचा स्वभाव आणि जीएसटीचे हट्ट इतके ओळखणारं दुसरं सॉफ्टवेअर सहजासहजी सापडत नाही.

तरी आताशा या रस्त्यावर एक विषय निघतो. ओपन सोर्सवर जायचं का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: फुकट असतं ना ते?

विषय निघायला २०२५ सालानं दोन निमित्तं दिली. १८ जुलैला युरोपीय संघानं रशियावरचे नवे निर्बंध जाहीर केले आणि त्यांत नायरा एनर्जीचं नाव आलं. नायराचे पेट्रोलपंप आपण रस्त्यावर बघतो. गुजरातेत वाडीनारला तिची रिफायनरी आहे आणि तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा आहे. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा बंद केल्या. पैसे भरलेले, परवाने चालू, माहिती स्वतःची, आणि स्वतःच्याच मेलमध्ये शिरता येईना. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा पुन्हा सुरू झाल्या. नायराला न्यायालय गाठता आलं. सातपूरच्या सहा मशीनवाल्या जॉबवर्क युनिटला ते परवडत नाही. अशा युनिटवर ब्रुसेल्समधून कोणी निर्बंध घालायला येणार नाही हे कबूल. पण त्याचं खातं बंद व्हायला एखादं न भरलेलं बिल किंवा बंद पडलेला मोबाइल नंबरही पुरतो.

दुसरं निमित्त ऐन दिवाळीच्या तोंडावर आलं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे बिलं काढायला, स्टॉक लिहायला जे मशीन छान चालत होतं, ते कागदोपत्री म्हातारं झालं. अशा मशीनवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकायचं आणि पुढची काही वर्षं काढायची, हा सल्ला मग घरातला कॉलेजात जाणारा मुलगा देतो.

सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. छोटा धंदेवाईक कोड वाचत नाही, वाचणारही नाही. कोड उघडा असण्याचा थेट फायदा ज्याच्याकडे प्रोग्रामर आहे त्याला. ज्याच्याकडे नाही, त्याला अडचणीच्या दिवशी तारते ती खुली मानकं: आपली माहिती कुठल्या साच्यात साठवलेली आहे, तो साचा छापील स्वरूपात कोणालाही मिळतो का, आणि त्यावर कोणा एकाची मालकी नाही ना. सॉफ्टवेअर बंद पण साचा खुला, ही अवस्था परवडते. सॉफ्टवेअर खुलं पण माहिती ते बसवून देणाऱ्या एका इंटिग्रेटरच्या सर्व्हरवर त्याच्या पासवर्डखाली, ही परवडत नाही. हे पटवायला परदेशातली उदाहरणं कशाला हवीत, मराठी फाँटची गोष्ट पुरेशी आहे.

मराठी छपाई खिळ्यांवरून डीटीपीवर आली ती पेजमेकर, कोरल आणि फाँटची पॅकेजं घेऊन. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगलोरची आकृती. कॉम्प्युटरला तेव्हा मराठी कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी एकच युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवायचे. कुठल्या क्रमांकावर कुठला आकार, हे ज्याचं त्यानं ठरवलं. कॉम्प्युटरच्या लेखी फाइलीत मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांचा ढीग होता, त्यावर मराठीचा मुखवटा. श्री-लिपीच्या देवनागरी फाँटमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडा. आधी एक अधोरेषा दिसते, मग इंग्रजी लहान ए, लहान एम, मोठा आर, गणितातलं ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, आणि शेवटी लहान आर. अधोरेषा म्हणजे म. ए म्हणजे र. एम म्हणजे काना. मोठा आर आणि ते चिन्ह मिळून ठ. उरलेला आर ही दुसरी वेलांटी.

छापून कागद हातात येत होता तोवर याचा कोणाला त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो तोच मजकूर वेबसाइटवर टाकायचा, ई-पुस्तक काढायचं, किंवा जुन्या अंकांतून एखादं नाव शोधायचं म्हटल्यावर. मग जुना मजकूर युनिकोड या खुल्या मानकात नेणारे कन्व्हर्टर आले. कन्व्हर्टरचं काम वरवर सोपं, प्रत्यक्षात किचकट, कारण जुने फाँट दिसण्याच्या क्रमानं साठवत आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतं. ‘किती’मधली पहिली वेलांटी जुन्या फाइलीत क च्या आधी असते, युनिकोडमध्ये क च्या नंतर. ‘कर्ता’मधला रफार उलट: जुन्या फाइलीत त च्या मागून, युनिकोडमध्ये त च्या आधी. ‘स्त्रियांनी’ म्हटलं की वेलांटी किती अक्षरं ओलांडून न्यायची हे कन्व्हर्टरला कळायला हवं. कळलं नाही की प्रूफ वाचणारा माणूस बसवायचा, म्हणजे जो मजकूर एकदा पैसे देऊन टाइप करून घेतला, त्यावर दुसऱ्यांदा पैसे खर्च.

गंमत अशी की यात फसवणूक कोणीच केली नव्हती. कंपन्या चांगल्या होत्या, फाँट देखणे होते, प्रकाशकांनी रीतसर विकत घेतले होते. मानकही होतं. भारतीय मानक ब्यूरोचं इस्की, म्हणजे आयएस १३१९४, १९९१ सालचं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरीही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली. बाजारानं मात्र बराच काळ दोन्हींकडे पाठ फिरवली, कारण खरेदी करताना कोणी विचारलंच नाही, की हा मजकूर उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल का.

याच गोष्टीत र. कृ. जोशी येतात. कवी, सुलेखनकार, आणि एनसीएसटी या संस्थेत बसून भारतीय लिप्यांचे फाँट रेखणारे. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ त्यांनी रेखला, तो मायक्रोसॉफ्टचा. ‘रघू’ नावाचा देवनागरी फाँटही त्यांचाच; तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना मोकळा. परवाने दोन टोकांचे, पण दोन्ही युनिकोडवर. त्यामुळे ‘मंगल’मध्ये लिहिलेलं पत्र ‘रघू’त उघडतं, रेड हॅटच्या ‘लोहित’मध्ये उघडतं आणि मुंबईच्या एक टाइपनं काढलेल्या ‘मुक्त’मध्येही उघडतं. मजकुराच्या मालकाला परवान्याची चिंता करावीच लागत नाही. धंद्याच्या सॉफ्टवेअरकडूनही मला एवढंच हवं आहे.

मानक आलं म्हणून सगळं मिटत नाही, हेही मराठीनंच दाखवलंय. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि अजून कित्येक जण तसंच देतात. डोळ्याला दोन्ही सारखे. कॉम्प्युटरला वेगळे, आणि युनिकोडच्या नियमांनुसारही ते एकमेकांचे पर्याय मानले जात नाहीत. या रस्त्यावर वकिलांची ऑफिसं पुष्कळ. ग्राहकांच्या यादीत निम्म्या वकिलांमागे एका पद्धतीचं ‘ॲड.’ आणि निम्म्यांमागे दुसऱ्या पद्धतीचं असलं, की शोधताना निम्मी यादी गायब. ‘कुऱ्हाडे’ आडनावाच्या ऱ्ह चंही तेच. दिवाळीची शुभेच्छापत्रं कोणाला गेली नाहीत म्हणून ओरड झाली तर पोस्टाला दोष देण्याआधी हे बघावं.

खुल्या मानकाचं आणखी एक उदाहरण इथं रोज वापरात आहे: ई-इन्व्हॉइस. १ ऑक्टोबर २०२० ला पाचशे कोटींवरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली, म्हणजे सातपूर-अंबडच्या पुष्कळ मधल्या कारखान्यांपर्यंत. त्याचा साचा जाहीर आहे, आणि तो बेतला आहे यूबीएल-पेपॉल या आंतरराष्ट्रीय खुल्या मानकावर. बिल टॅलीतून काढा, सॅपमधून काढा की स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममधून, पोर्टलला ठरलेल्या साच्यातली जेसन फाइल मिळाली की ६४ अक्षरांचा आयआरएन आणि क्यूआर कोड परत येतो. सरकारनं कोणा एका कंपनीचं सॉफ्टवेअर सक्तीचं केलं नाही, साचा सक्तीचा केला. हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलणं त्यामुळे जेवढं सोपं झालं, तेवढं कुठल्याही जाहिरातीनं झालं नसतं.

कागदावर सरकार याबाबतीत बरंच पुढे आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आलं, मार्च २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देणारं. त्याआधी, मार्च २००८ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल या फाइलींच्या साच्याला आंतरराष्ट्रीय मानक करायला भारताच्या समितीनं विरोधी मत दिलं होतं. ओडीएफ हे मानक आधीच होतं, दुसरं कशाला, असा वाद. ते मत हरलं. आज त्या भांडणाचा उपयोग एवढाच, की लिब्रेऑफिस दोन्ही साचे उघडतं आणि साध्या पत्राला, कोटेशनला अडत नाही. मॅक्रो भरलेल्या एक्सेल शीटला अडतं, आणि धंद्यातली खरी अक्कल बहुधा त्याच शीटमध्ये असते.

आता कारखान्यात शिरू. ओपन सोर्स ईआरपी म्हटलं की आपल्याकडे नाव येतं ईआरपीनेक्स्टचं, आणि ते मुंबईचं आहे. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. तिथं ईआरपी बसवण्याच्या खटाटोपातून २००८ मध्ये कंपनी निघाली, ती आजची फ्रापे. ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ परवान्याखाली आहे. माणशी परवान्याचा पैसा नाही, त्यामुळे स्टोअरकीपरपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत कोणालाही लॉगिन द्या.

पैसा जातो तो दुसरीकडे. कच्चा माल, सुटे भाग, तयार माल यांची यादी, म्हणजे आयटम मास्टर, नव्या जागी न्यायची म्हटल्यावर कळतं की ‘एम ८ बोल्ट’, ‘बोल्ट एम-८’ आणि ‘८ एमएम बोल्ट’ ही तीन नावं एकाच डब्याची आहेत आणि तिन्हींचा स्टॉक वेगवेगळा दाखवलेला आहे. हे निस्तरायला सॉफ्टवेअरवाला उपयोगाचा नाही. तिथं बारा वर्षं काम केलेला स्टोअरकीपर लागतो आणि त्याला रोजच्या कामातून मोकळीक द्यावी लागते. ईआरपी फसते ती बहुधा इथं, आणि फसल्यावर खापर फुटतं ओपन सोर्सवर. विकतची घेतली असती तरी ती इथंच फसली असती.

दुसरी खोट हौसेची. कोड आपल्या हातात आहे म्हटल्यावर मालक सुचवत जातात: इथं एक बटण, तिथं एक रकाना, हा नियम जरा आमच्यापुरता ढिला. बसवणारा माणूस मूळ कोडमध्येच हात घालतो, कारण ते लवकर होतं. पुढची आवृत्ती आली की हे बदल तिच्यात बसत नाहीत, म्हणून अपडेट थांबतं. अपडेट थांबलं की सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात आणि कर बदलला की हाल सुरू. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः ५ आणि १८ उरले. नवे दर टाकणं हे तसं एका संध्याकाळचं काम. जुन्या बिलांवरचं क्रेडिट, परत आलेला माल, आधी घेतलेली आगाऊ रक्कम, यांचं काय, हे ज्याला त्याला आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये सोडवावं लागलं. ईआरपीनेक्स्टवाल्यांसाठी भारतीय करांचं ‘इंडिया कंप्लायन्स’ नावाचं ॲप वेगळं आहे आणि तेही खुलं आहे; पण ते नवं घ्यायला खालची आवृत्ती ताजी लागते.

आणि एक कायदा असा आहे, की जो ओपन सोर्सवाल्यांना विशेष चिमटा काढतो. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल हवा: कुठली नोंद केव्हा बदलली याची आपोआप नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटरी किंवा भागीदारीच्या धंद्याला हा नियम नाही, प्रायव्हेट लिमिटेडला आहे. जुन्या कीर्दीत खाडाखोड चालत नसे, चुकलं तर आडवी रेघ मारून खाली नवी ओळ लिहीत. कायद्याला तेच हवं आहे. आता ज्या सॉफ्टवेअरचा कोड आपल्याला बदलता येतो आणि ज्याच्या डेटाबेसचा पासवर्ड आपल्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यात ‘बंद करता येत नाही’ हे ऑडिटरला दाखवायचं कसं? स्क्रीनवरून केलेला बदल नोंदला जातो. मारियाडीबीत, म्हणजे खालच्या डेटाबेसमध्ये, थेट शिरून एक ओळ बदलली तर? हा पेच बंद सॉफ्टवेअरलाही सुटलेला नाही. पहिल्याच वर्षी मोठमोठ्या कंपन्यांच्या अहवालांत ऑडिटरांनी डेटाबेसच्या पातळीवर ट्रेल नसल्याचे शेरे मारले. तोडगा आहे, पण तो तंत्रापेक्षा शिस्तीचा: डेटाबेसचा पासवर्ड हिशेब लिहिणाऱ्याकडे ठेवायचा नाही, डेटाबेसचे लॉग वेगळ्या मशीनवर पाठवायचे, आणि मूळ कोडपासून काय काय बदललं ते गिटमध्ये तारखेनिशी ठेवायचं. शेवटचं मात्र खुल्या कोडवाल्यालाच दाखवता येतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर हवा, हेही त्याच नियमांत आहे. स्वस्त म्हणून बॅकअपसाठी जर्मनीत घेतलेला सर्व्हर इथं नडतो.

परवान्याची भीती मात्र उगाच फार आहे. जीपीएलचं सॉफ्टवेअर आपल्या कारखान्यात आपल्यापुरतं बदलून वापरलं तर काही जाहीर करावं लागत नाही. बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं, तर त्याला कोडही द्यावा लागतो. एजीपीएल असेल तर नेटवरून वापरणाऱ्यालाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं वकील गाठावा, बोल्ट विकणाऱ्यानं झोप घालवू नये.

झोप घालवण्यासारखं आहे ते निराळं. ज्या पायावर हे सगळं उभं आहे, तो पाया कोण सांभाळतं? डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटनं जाहीर केलं की सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपेल. फुकटची चीज, तक्रार कोणाकडे करणार? मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसनं परवाना बदलला. फ्रापेच्या पोटात रेडिस असतं, हे ईआरपीनेक्स्ट वापरणाऱ्या किती मालकांना ठाऊक असेल? इथं खुलेपणा कामी आला, कारण आधीच्या कोडवरून लिनक्स फाउंडेशननं वॅल्की उभं केलं, जसं ओरॅकल सन कंपनी घेणार म्हटल्यावर मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी उभं राहिलं होतं. पण जुन्यावरून नव्यावर जायचं काम कोणीतरी करायचं असतंच.

त्याच मार्चच्या २९ तारखेला तर जग थोडक्यात वाचलं. एक्सझेड युटिल्स हे फाइली आवळून ठेवणारं साधं, सर्वत्र असणारं साधन. ते सांभाळणाऱ्या एकट्या थकलेल्या माणसाला मदत करत ‘जिया टॅन’ नावाच्या कोणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि मग ५.६.० आवृत्तीत चोरदार ठेवलं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यानं मुळापर्यंत खणलं आणि प्रकार उघड झाला, तोही मुख्य लिनक्स आवृत्त्यांत पसरायच्या आत. कोड उघडा होता म्हणून खणता आलं, हे खरं. तो खणणारा माणूस त्या दिवशी तिथं असणं हे मात्र कुठल्या परवान्यात लिहिलेलं नसतं. डिसेंबर २०२१ चं लॉग४जे असंच: स्वयंसेवकांनी सांभाळलेला जावाचा छोटा भाग, आणि जगभरच्या प्रशासकांच्या नाताळाच्या सुट्ट्या गेल्या. झेरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. दानधर्म म्हणून त्याचं कौतुक झालं. मला तो विम्याचा हप्ता वाटतो.

नाशिकमध्ये यातला सगळ्यांत मोठा धोका माणसाचा आहे. अभियांत्रिकीचं शिक्षण या रस्त्यावरच मिळतं. मविप्रचं ठाकरे महाविद्यालय पंपिंग स्टेशनजवळ उदोजी बोर्डिंगच्या आवारात आहे. लिनक्सपासून डेटाबेसपर्यंत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे धडे मराठीतही आहेत. पण शिकलेला मुलगा हिंजवडीला जातो. मग ईआरपी बसवणारं म्हणून जे ऑफिस असतं, त्यात दोन-तीन मुलं, आणि तुमच्या कारखान्याबद्दलचं सगळं त्यांतल्या एकाच्याच डोक्यात. तो गेला की खुला कोड तुमच्यासमोर उघडा पडलेला असतो आणि तो वाचायला कोणी नसतं. बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीला निदान फोन लावता येतो.

म्हणून करार करताना ओपन सोर्स या शब्दावर खूश न होता काही गोष्टी लिहून घ्याव्यात असं मला वाटतं. सर्व्हर, डोमेन आणि क्लाउडचं खातं कंपनीच्या नावानं, कंपनीच्या मेलवर, इंटिग्रेटरच्या नाही. बदललेला कोड कंपनीच्या गिट खात्यात. रोजच्या रोज बॅकअप, आणि तो वर्षातून एकदा, शक्यतो मार्चअखेरीच्या धांदलीआधी, दुसऱ्या माणसानं दुसऱ्या मशीनवर उघडून ताळेबंद जुळवून दाखवायचा. पार्टी, आयटम, व्हाउचर यांच्या याद्या सीएसव्हीत मराठी नावांसकट बाहेर काढून बघायच्या. नावांची प्रश्नचिन्हं झाली तर तिथंच थांबायचं. काम सोडताना तीस दिवसांत सगळं दुसऱ्याच्या हाती देण्याचं कलम आणि त्याचा दर आधीच ठरलेला. हे बंद सॉफ्टवेअरवाल्यालाही तसंच विचारावं. कलम वाचून विक्रेता दराची घासाघीस करू लागला तर काम पुढे सरकलं असं समजतो. ‘साहेब, त्याची गरजच पडणार नाही’ असं म्हणाला, तर मी दुसरा माणूस शोधतो.